सुई, शुगर आणि आशाताई

तुमच्या आईची शुगर शेवटची कधी तपासली? उपाशीपोटी किती आली, जेवल्यावर किती? बाबांची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची?

थांबा, लगेच मोबाइल हातात घेऊ नका. आठवत नसेल तर तुम्ही एकटे नाही. हिंजवडीपासून पवईपर्यंत सगळ्या क्युबिकल्समध्ये हीच परिस्थिती आहे. आपण रविवारी घरी फोन लावतो, ‘बरी आहेस ना?’ विचारतो, पलीकडून ‘एकदम मस्त’ असं उत्तर येतं आणि गाडी लोणच्यावर, लग्नांवर, शेजाऱ्यांवर जाते. पण तिकडे गावात एक बाई अशी असते, जिला ही सगळी उत्तरं तोंडपाठ असतात. कोणाची शुगर वाढली, कोण गोळी अर्धी तोडून खातो, कोणाचे पाय सुजलेत आणि कोण ‘मले काई झालं नाई’ म्हणत सगळं दडवून बसलाय, हे तिच्या वहीत असतं. तिला आशाताई म्हणतात.

अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात अशाच एका आशाताईच्या मागे मी दोन दिवस फिरले. तिचं नाव इथे सापडणार नाही, कारण तिची पहिली अटच ती होती. ‘चांगलं लिवा का वाईट लिवा मॅडम, नाव छापू नका. फोन मले येते.’ तेव्हा आपण तिला नुसतं ताई म्हणू. मला तिच्याशी लशींबद्दल बोलायचं होतं. बाळांच्या नाही, मोठ्यांच्या. त्यातही आधीच शुगर, बीपी, दमा, किडनी असं काहीतरी सोबत घेऊन जगणाऱ्या मोठ्यांच्या.

लस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलिओचा रविवार येतो. दोन थेंब, बोटाला शाईची खूण, संपलं. बाळांच्या लशींसाठी आपल्याकडे कार्ड आहे, वार ठरलेला आहे, घरी बोलवायला येणारं माणूस आहे. मोठ्यांसाठी असं काही नव्हतंच. खरं तर तिशीतल्या धडधाकट माणसाला फ्लू झाला तर तीन दिवसांची सिक लीव्ह आणि एखादी वेबसीरिज, एवढ्यावर भागतं. पंधरा-वीस वर्षं मधुमेह अंगावर काढलेल्या साठीच्या माणसाला तोच फ्लू न्यूमोनियाच्या वाटेनं थेट आयसीयूत नेऊ शकतो. म्हणजे गरज कोणाला जास्त आहे ते उघड आहे. पण या माणसांना गाठून लस द्यायची सवय ना सरकारी दवाखान्याला होती, ना त्या माणसांना. ती सवय पहिल्यांदा लावली कोविडनं, २०२१ मध्ये. आणि अकोल्यात ती लागता लागता दिवाळी उजाडली.

निम्मा जिल्हा बाहेर

२१ ऑक्टोबर २०२१ ला देशात शंभर कोटी डोस पूर्ण झाले. ऐतिहासिक वास्तूंवर तिरंगी रोषणाई झाली, टीव्हीवर गाणी वाजली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ नोव्हेंबरला, पंतप्रधानांनी लसीकरणात मागे पडलेल्या चाळीसहून जास्त जिल्ह्यांची बैठक घेतली. पहिला डोस निम्म्या लोकांनीही घेतलेला नाही असे जिल्हे. महाराष्ट्रातले सहा होते: औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नांदेड, हिंगोली, नंदुरबार, बुलडाणा आणि आपलं अकोला. देशाची सरासरी तेव्हा पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली होती.

गंमत बघा, याच अकोल्यानं त्याच वर्षी फेब्रुवारीत कोविडची दुसरी लाट सगळ्यांच्या आधी बघितली होती. पुण्या-मुंबईत लोक लग्नाचे हॉल बुक करत होते, तेव्हा अमरावती आणि अचलपूरमध्ये, पाठोपाठ अकोला, अकोट, मूर्तिजापूरमध्ये पुन्हा कुलपं लागली होती. आजार काय करतो हे इथल्या लोकांना टीव्हीवरून कळलेलं नव्हतं, शेजारच्या घरातून कळलं होतं. तरी निम्मा जिल्हा लशीच्या बाहेर.

‘लोक अडाणी आहेत हो,’ हे वाक्य त्या काळात एसी मीटिंग रूममध्ये फार ऐकू यायचं. ताईला ते अजिबात सहन होत नाही. ‘अडाणी कायचे? बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर पाह्यते मानूस, पावती मांगते, पन्नास जनाले इचारते. मंग सुई घेताना इचारलं तं तो अडाणी?’

मला हे पटलं. चौकशी करणाऱ्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं, हा खरा प्रॉब्लेम होता. उत्तर देणारी एकच होती आणि तिच्याकडे हजारेक माणसांचं गाव होतं.

दोन वह्या

ताईच्या कामाची सुरुवात लशीच्या आधीची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली होती. पथकं घरोघरी गेली, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला: घरात कोणाला शुगर, बीपी, किडनी, कॅन्सर, दमा असं काही आहे का?

आता विचार करा. साथ चालू आहे. गल्लीत ॲम्ब्युलन्स येते, माणूस नेते, तो परत येतोच असं नाही. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या बाईला कोण सांगणार की हो, मला तीन-तीन आजार आहेत? ‘नाव लिवलं का उचलून नेते,’ असं गावभर झालं होतं. लोक साफ नाही म्हणायचे. ताई मात्र आत बसायची, पाणी मागायची आणि कोनाड्यात ठेवलेली गोळ्यांची पाकिटं बघायची. काही पाकिटं तर तिनंच उपकेंद्रातून आणून दिलेली!

तेव्हापासून तिच्या दोन वह्या झाल्या. एक सरकारी, जी कोणीही उघडून बघू शकतो. दुसरी तिची स्वतःची, शंभर पानी, शाळकरी. त्यात लोकांनी फॉर्मवर लपवलेलं सगळं. एका नावापुढे काहीच लिहिलेलं नाही, नुसता एक ठिपका. मी विचारलं तर तिनं पान उलटलं. पुढे मी विचारलंही नाही. आपल्या ऑफिसांमध्ये डेटा प्रायव्हसीवर दोन-दोन तासांची प्रेझेंटेशन्स होतात... असो.

ही दुसरी वही मार्च २०२१ मध्ये कामाला आली. आणि त्याच महिन्यात ती अडखळली सुद्धा.

आजारी आहात? पुरावा दाखवा

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि ४५ ते ५९ वयाच्या ज्यांना आधीचा आजार आहे त्यांनाही. ऐकायला छान. पण त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं आणि आजार सरकारनं ठरवलेल्या वीस प्रकारांत बसायला हवा होता. डायलिसिसवरचे किडनीचे पेशंट त्यात होते, सिकलसेलचे होते, कॅन्सरचे होते, एचआयव्हीचे होते. साधी शुगर मात्र पुरेशी नव्हती! मधुमेह दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंतीचा हवा आणि शिवाय बीपीची ट्रीटमेंट चालू हवी, अशी ती अट होती.

दहा वर्षांपूर्वी निदान झालं हे सिद्ध करायला दहा वर्षांपूर्वी डॉक्टरकडे जावं लागतं. पुण्यातल्या माणसाची फाइल असते, त्यात लॅमिनेट केलेले रिपोर्ट असतात. इथल्या मजूर बाईचं निदान होतं चक्कर येऊन धुऱ्यावर पडल्यावर. तिची शुगर किती जुनी, हे तिच्या शरीरालाच माहीत. तिच्याकडे कागद म्हणजे चुरगळलेली एक चिठ्ठी, तीही गोळ्या संपल्यावर चूल पेटवायला गेलेली. म्हणजे ज्यांच्यावर कधी नीट उपचार झाले नाहीत, त्यांच्याकडे आजाराचा पुरावाही नव्हता. ताईच्या वहीत त्यांची नावं होती, पण ताईची वही म्हणजे सर्टिफिकेट नव्हे.

सुदैवानं ती अट महिनाभरच टिकली. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस मिळू लागली. (पुढे जानेवारी २०२२ मध्ये साठीपुढच्या आजारी लोकांना तिसरा, म्हणजे ‘प्रिकॉशन’ डोस सुरू झाला, तेव्हा सर्टिफिकेट मागायचं नाही असं सरकारनंच सांगितलं. शहाणपण आलं, पण दहा महिन्यांनी.)

आणि मग मे. १८ ते ४४ वयोगट खुला झाला आणि लस संपली. कोविन ॲपवर सेकंदात स्लॉट गायब व्हायचे. शहरातली टेकसॅव्ही मंडळी दोन बोटांनी स्क्रीन रिफ्रेश करत खेड्यातल्या केंद्रांवर नंबर लावायची आणि गाडी काढून तिथे हजर! राज्यभर हे झालं, पेपरात आलं. गावातला शुगरचा म्हातारा बुकिंग म्हणजे काय हे समजून घेईपर्यंत त्याच्या गावच्या सुया परगावच्या दंडांमध्ये गेलेल्या असायच्या. त्याच महिन्यात दोन डोसमधलं अंतरही बदललं, कोविशील्डसाठी ते बारा ते सोळा आठवडे झालं. ‘आदी म्हने महिन्यानं ये, मंग म्हने तीन महिन्यानं ये. तुमचं तुमाले तरी समजते का व बाई?’ असं लोक ताईला विचारायचे. तिच्याकडे उत्तर नव्हतं.

पावसाळ्यानंतर लस भरपूर आली, पण तोवर सोयाबीनची सोंगणी आली, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी आली.

दहा माणसं, चार तास

इथे जरा थांबून एक हिशेब समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर अडते. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस. बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाही तर उरलेली फेकायची. आशाताई स्वतः सुई टोचत नाही. ते काम उपकेंद्राच्या सिस्टरचं, म्हणजे एएनएमचं. ताईचं काम माणसं आणायचं. सिस्टर थंड डबा घेऊन येणार, बर्फाचे पॅक घातलेला, आतलं तापमान दोन ते आठ अंश. आणि ताईनं चार तासांत दहा माणसं उभी करायची. सहाच आली तर सिस्टर बाटली फोडायला कचरणार, आणि ती सहाही परत जाणार, पुन्हा कधीच न येण्यासाठी.

आता वेचणीच्या दिवसांत दहा माणसं कुठून आणायची? बायका सकाळीच वावरात. मजुरी किलोवर, जितका कापूस वेचला तितके पैसे. सुई घेतली, रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी अंग मोडलं, की तो दिवस गेला. ‘लस फुकट आहे’ असं आपण म्हणतो. त्या बाईसाठी तिची किंमत एक दिवसाची मजुरी होती. शुगर असलेल्या बाईला वेगळी भीती: तिच्या पायाची साधी जखम भरायला महिना लागतो, मग दंडाला भोक पाडलं तर ते पिकणार नाही कशावरून? ही भीती मला मूर्खपणाची वाटत नाही. स्वतःच्या शरीराचा अनुभव घेऊनच ती विचारत होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली, म्हणजे लस घेऊन सरकारच दारात. पण दारात जाऊन काय उपयोग, घराला कुलूप! ताईनं सिस्टरच्या पाया पडून (तिचेच शब्द) वेळ बदलून घेतली. संध्याकाळी दिवे लागल्यावर, जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर. शनिवारी, कारण रविवारी थोडं उशिरा वावरात गेलं तरी चालतं. ‘उपाशी येऊ नका, भाकर खाऊन या,’ हे ती प्रत्येक घरी सांगायची. कारण शुगरवाल्यांना सुई म्हणजे रक्ततपासणी वाटायची आणि ते सकाळपासून पोट रिकामं ठेवून यायचे. एक काका त्या ओट्यावरच भोवळ येऊन पडले होते. लशीनं नाही, भुकेनं. पण गावात बातमी काय जाणार ते तुम्ही ओळखालच. तेव्हापासून ताईच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा असतो.

सलमानले शुगर हाय का?

आणि आता तिची सगळ्यात भारी आयडिया. मॅनेजमेंटवाल्यांनी टिपून घ्यावी अशी.

त्याच नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं होतं की लशीला कचरणाऱ्या भागांमध्ये लोकांचं मन वळवायला सलमान खानची आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. मी ताईला विचारलं, सलमानचा काही उपयोग झाला का? ती ओढणी तोंडाला लावून हसली. ‘सलमानले शुगर हाय का?’

मुद्दा एकदम बरोबर आहे. जाहिरातीत लस घेणारा माणूस नेहमी फिट असतो. दंड दाखवतो, अंगठा दाखवतो. लोक म्हणतात, त्याचं काय, तो पेलवेल. आम्हाला आधीच तीन आजार, आम्ही कसे पेलणार? म्हणून ताईनं उलटं केलं. पहिली सुई तिनं गावातल्या सगळ्यात आजारी माणसाला द्यायला लावली. रिटायर झालेले गुरुजी, वीसेक वर्षांची शुगर, बीपी, एकदा हार्टचाही झटका. तिनं त्यांना आधी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना दाखवलं, बीपी मोजून घेतलं, हो म्हटल्यावरच सुई. रात्री दोनदा जाऊन बघितलं. सकाळी गुरुजी नेहमीसारखे पारावर पेपर वाचत बसलेले गावाला दिसले आणि ओट्यावर दहा काय, बारा माणसं आली. बाटली एकच होती, दोघांना पुढच्या शनिवारी बोलवावं लागलं.

‘सगळे म्हनत होते, म्हातारा जाईन,’ ताई सांगते. ‘मलेही भेव वाटेच ना मॅडम. त्याईले काही झालं असतं तं मले गाव सोडा लागलं असतं.’

हे ती सहज बोलून गेली, पण मला तिथेच थांबावंसं वाटलं. आपल्याकडे प्रोजेक्ट फसला तर अप्रेझलमध्ये रेटिंग जातं. तिच्याकडे लसीचा निर्णय चुकला असता तर तिचं घर, सासर, मुलांची शाळा, सगळं त्याच गल्लीत होतं. लोक तिचं ऐकतात ते याच कारणानं. ती कुठे पळून जाऊ शकत नाही, हे त्यांना माहीत आहे.

सुई झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, मग ‘जा’ म्हणतात. सरकारी काम तिथे संपतं. ताईचं खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचं. आदल्या दिवशीच्या प्रत्येक घरी चक्कर. ताप आहे का, दंड सुजला का, शुगरची गोळी घेतली ना? पॅरासिटामॉल हातावर ठेवायची, चहा प्यायची, पुढचं घर. तिच्या मते दुसरा डोस या सकाळच्या फेरीतून निघाला. सुई देऊन कोणी फिरकलंच नाही, तर माणूस म्हणतो, काम झालं आणि मला विसरले.

औरंगाबादेत तेव्हा दुसरा मार्ग निघाला होता. लशीचा एक तरी डोस घेतलेला नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये काढला. आकडा अशानं वाढतोच. ताईचं म्हणणं वेगळं: ‘रेशन बंद केलं तं सुई घेईन मानूस. पन मंग मले पाहून दार लावीन. पोराईचे डोस हायेत, टीबीच्या गोळ्या हायेत, मले त्याच दारात जा लागते ना?’ मी तिच्या बाजूची आहे, एवढं सांगून टाकते.

दहा रुपयांचा फॉर्म

आशा हे पद आलं २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. पण गावातल्याच बाईला शिकवून गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला हेच केलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं आरोग्यदूत घडवले. जामखेडच्या कामाचा अभ्यास करायला जगभरातून लोक आले. सरकारनं तेच देशभर नेलं, फक्त एक बारीकशी गोष्ट बदलली. आशा ही कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे.

म्हणजे कसं, ते ऐका. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा ती एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला शुगर-बीपी होतं का, आणि कमरेचा घेर. होय, टेप घेऊन! (शेजारच्या काकांना ‘दारू किती पिता’ विचारायचं आणि मग त्यांची कंबर मोजायची. आपल्यापैकी कितीजण करतील?) गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं. अख्खा फॉर्म भरल्याचे दहा रुपये.

जून २०२१ मध्ये राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या, आठवडाभरानं महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळून परत आल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला. ताईला तो व्हॉट्सॲपवर कळला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा संप, आणि मार्च २०२४ मध्ये राज्यानं मोबदला पाच हजारांनी वाढवायचा निर्णय घेतला. ताई या दोन्ही संपांत होती. ‘अवार्ड भिंतीले लावता येते,’ ती म्हणाली, ‘गॅस सिलिंडर नाई आनता येत.’

वही बंद झाली नाही

कोविड संपला. ओट्यावरचा मंडप उठला. पण आजारी मोठ्या माणसांची गावोगाव तयार झालेली ती यादी? ती अजून आहे, नवी नावं घालून, जुनी खोडून. प्रश्न असा की तिचं करायचं काय?

तुम्हाला माहीत आहे का, की २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर महाराष्ट्रानं गरोदर बायका आणि दवाखान्यातले कर्मचारी यांच्या बरोबरीनं मधुमेह आणि रक्तदाबाच्या पेशंटनाही फ्लूची लस फुकट द्यायचं ठरवलं होतं? ऐच्छिक, म्हणजे मागेल त्याला. मी अकोल्यातल्या नात्यागोत्यात, मित्रमंडळीत विचारत सुटले. शुगरवाले प्रत्येक घरात निघाले, हे माहीत असलेला एकही नाही. ऐच्छिक गोष्टीला इच्छा व्हायला ती आहे हे कळावं लागतं, आणि ते कळवायला दारात कोणी जात नाही. इथेच कोविडच्या वेळचा फरक लक्षात येतो.

नाही म्हणायला एक पाऊल पडलंय. क्षयरोगासाठी बाळांना देतात ती बीसीजीची लस २०२४ मध्ये देशातल्या निवडक भागांत, मुंबईतही, मोठ्यांना द्यायला सुरुवात झाली. साठीच्या पुढचे, मधुमेही, पूर्वी टीबी झालेले, टीबीच्या पेशंटच्या घरात राहणारे, सिगारेट ओढणारे, फार बारीक असलेले. अभ्यासाचा भाग म्हणून, संमती घेऊन. आणि घरोघरी जाऊन ही नावं काढायची कोणी? अर्थात आशाताईनं.

आता जरा तुमच्या घरचं. आईबाबांना शुगर, दमा, हृदयाचं किंवा किडनीचं काही असेल, तर फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, या दोन्हींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा. फ्लू आपल्याकडे पावसाळ्यात उसळतो, पुन्हा थंडीच्या शेवटी. म्हणून पाऊस पडायच्या आधी घेतलेली बरी. हे फोनवर होणार नाही, सुटीत गेलात की सोबत जा. आणि गल्लीतल्या आशाताईला एकदा भेटा. तिला तुमच्या आईबद्दल जे माहीत आहे, ते ऐकून तुम्ही दचकाल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई मला गावाच्या टोकाच्या एका घरी घेऊन गेली. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं अकोला, अमरावती, बुलडाण्याचं हे रान, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि गावकरी किडनीच्या आजाराचं खापर या पाण्यावरच फोडतात. घरातले भाऊ पन्नाशीचे, डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा एसटीनं अकोल्याला जातात. डायलिसिसच्या पेशंटला कावीळ ‘बी’चा धोका मोठा, रक्त सारखं मशीनमधून जात असतं म्हणून. त्यांना हिपॅटायटिस बीची लस लागते, तीही नेहमीच्या दुप्पट मात्रेची आणि चार वेळा: आज, महिन्यानं, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. पहिले दोन डोस झाले होते. तिसऱ्याला ते जायलाच तयार नव्हते.

‘आता किती सुया खाऊ व ताई? हाताची चाळणी झाली.’

ताईनं वाद घातला नाही. तिनं त्यांच्या बायकोला डायलिसिसचे वार विचारले, एसटी किती वाजता परत येते ते विचारलं, मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. डायलिसिसच्याच एका दिवसावर लाल गोल केला, म्हणजे वेगळी खेप नको, वेगळं तिकीट नको. मग पानं उलटत पुढे गेली आणि चौथ्या डोसच्या तारखेवर दुसरा गोल केला. त्याच आठवड्यात एकादशी होती, भाऊंचा उपास. तिनं गोल दोन दिवस पुढे सरकवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, याचे किती मिळतात?

‘ह्याचे?’ ताई चप्पल घालत होती. ‘ह्याचा फॉर्मच नाई निंगला अजून.’